कस्टम गाडी आणि ती बनवणारा म्हातारा: बघायचं कसं, विचारायचं काय

आधी माझीच फजिती सांगतो. आम्ही राहतो फॉलसमला, सॅक्रॅमेंटोपासून अर्ध्या तासावर, आणि इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं म्हणून एका कस्टम गाड्यांच्या, म्हणजे कंपनीची गाडी कापून-ठोकून, रंगवून आपल्या मनासारखी नव्याने घडवलेल्या गाड्यांच्या शोला गेलो. एक जांभळी गाडी होती, इतकी खाली बसलेली की खालून मांजर जाणार नाही, आणि शेजारी फोल्डिंगच्या खुर्चीत एक म्हातारबाबा, ऐंशीच्या पुढचे, शर्टाच्या खिशात चष्मा. मी फोटो काढला आणि आपल्याकडे लग्नात कुणाच्या गळ्यातल्या हाराबद्दल विचारतात तसं थेट विचारलं, किती पडले हो? वर अजून एक, ही कंपनीतून अशीच यायची का? बाबा काही बोलले नाहीत. उठले, आणि माझ्या पाठीवरच्या सॅकचं बक्कल आणि गाडीचं मडगार्ड यांच्या मधोमध स्वतःचा पंजा धरला, मी मागे सरकेपर्यंत तसाच. बायको म्हणाली, चल आता.

तर हे सगळं त्या पंज्यानंतर शिकलेलं आहे. मी काही मेकॅनिक नाही, कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं आणि शाळेतून येताना तिथे तासन् तास उभं राहायचो एवढीच माझी पात्रता. पण खरं सांगू का, तेवढी पुरते. कस्टम गाडीचं कौतुक करायला इंजिनातलं कळायची फार गरज नाही, पत्र्यातलं कळायला पाहिजे.

पहिलं काम म्हणजे शोला जायच्या आधी एक माणूस निवडा. सगळं एकदम बघायला गेलात की डोळ्यांचा नुसता चिवडा होतो, चारशे चकाचक गाड्या आणि घरी आल्यावर आठवणीत एकही नाही. एकाच कारागिराच्या चार-पाच गाड्या नीट बघा, मग बाकीच्यांचं आपोआप कळायला लागतं. मी निवडला जीन विनफिल्ड, एक कारण असं की तो आमच्याच बाजूचा, म्हणजे मोडेस्टोचा, इथून दीड-दोन तासांचा रस्ता. जन्म १९२७ चा, मिझुरी राज्यातला, पण लहानपणीच घरचे कॅलिफोर्नियात आले. पहिलं वर्कशॉप आईच्या घरामागे, नाव विंडीज कस्टम शॉप. गेला तो मार्च २०२५ मध्ये, ९७ वर्षांचा होऊन, आणि नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा मोहावीच्या वाळवंटातल्या आपल्या शॉपमध्ये पोरांना पत्रा ठोकायला शिकवत होता, शोमध्ये लोकांसमोर गाडीचा टप कापून दाखवत होता. आपल्याकडे या वयाच्या माणसाला आपण पाण्याचा तांब्यापण उचलू देत नाही.

आता माणूस निवडला की लगेच त्याच्या गाड्या बघायच्या नाहीत. आधी कंपनीची मूळ गाडी बघायची. ही पायरी सगळे गाळतात आणि मग माझ्यासारखं "अशीच यायची का" विचारतात. समजा १९४९ ते ५१ ची मर्क्युरी (फोर्डचाच एक ब्रँड) असेल, जी या लोकांची सगळ्यात लाडकी, तर तिचा कंपनीतून निघालेला साधा फोटो फोनमध्ये ठेवा, बाजूने काढलेला. मूळची गाडी म्हणजे चांगली गुबगुबीत, उंच टप, बॉनेटवर दागिना, डिकीवर दागिना, दारांना हँडल, सगळीकडे क्रोमच्या पट्ट्या. आता समोरच्या गाडीकडे बघा आणि काय लावलंय ते सोडून द्या, काय गायब आहे ते मोजा. दारांचे हँडल गेले, म्हणजे आत इलेक्ट्रिकचं सोलेनॉइड आहे आणि कुठेतरी लपवलेलं बटन. बॉनेटवरचा दागिना गेला, म्हणजे तिथली भोकं वेल्डिंगने बुजवून घासून सपाट केली. हेडलाइट मडगार्डाच्या आत खोल गेलेत, मधली जोडरिंग नाहीये, त्याला हे लोक फ्रेंच करणं म्हणतात, आता फ्रान्सचा काय संबंध ते विचारू नका. नुसतं वजाबाकी करत गाडीभोवती एक फेरी मारलीत तरी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की हा माणूस फोटोवाल्यांपैकी नाही.

मग येतो टप, आणि इथे जरा थांबायचं, खरी परीक्षा इथेच असते.

चॉप म्हणजे टपाचे खांब मधून कापायचे, चार-पाच इंच पट्टी काढून टाकायची आणि टप खाली आणून परत जोडायचा. ऐकायला सुताराचं काम वाटतं, टेबलाचे पाय कापले आणि झालं. पण टेबलाचे पाय सरळ असतात, गाडीचे खांब तिरके असतात. पुढचा खांब मागे झुकलेला, मागचा पुढे झुकलेला, म्हणजे तंबूसारखं वरती निमुळतं. आता या तंबूच्या मधून चार इंच काढून वरचा भाग सरळ खाली सोडला तर काय होईल? वरचा भाग छोटा, खालचा मोठा, एकही खांब एकमेकांवर बसणार नाही. मग दोनच वाटा, एक तर खांब अजून झोपवायचे, नाहीतर टपच मध्ये कापून त्यात पत्रा घालून लांब करायचा, आणि बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं करावं लागतं. मर्क्युरीच्या टपाला तर मागे मोठा गोल उतार आहे, तो उतार कुठून खाली वळवायचा हे प्रत्येक कारागिराचं वेगळं. कुणी घाई केली की मागून गाडी कुबड आल्यासारखी दिसते.

आणि काचा! टप खाली आला म्हणजे काचा पण छोट्या हव्यात. लॅमिनेटेड काच असेल तर सावकाश कापता येते, पण टफन केलेली असेल तर कटर टेकवून तोडायला गेलात की सगळा चुरा. मागची मोठी वळणदार काच तर बरेचदा कापतच नाहीत, आहे तशी जास्त झोपवून बसवतात आणि पत्रा तिच्याभोवती नव्याने घडवतात. म्हणून चॉप केलेली गाडी बघताना मी आता सगळ्यात आधी मागची काच बघतो, ती बरोबर बसली असेल तर बाकीचं त्या माणसाने केलंच असणार.

बघायचं कुठून तेही महत्त्वाचं. पुढे उभं राहून नाही. दहा-पंधरा पावलं मागे जा, बाजूने बघा, आणि गुडघे परवानगी देत असतील तर उकिडवं बसा. खिडकीची फट पुढून मागेपर्यंत एका श्वासात जाते का बघा. काही गाड्यांचा टप नवरदेवाला दुसऱ्याचा फेटा घातल्यासारखा वाटतो, माप बरोबर असतं पण त्याचा नसतो. चांगल्या चॉपची खूण अशी की तुम्ही फोनमधला कंपनीचा फोटो काढता आणि आता तोच चुकीचा वाटायला लागतो.

चॉपचे अजून दोन भाऊ आहेत. बॉडी चासीवर अजून खाली उतरवली की चॅनेल, आणि बॉडीच्या पोटातून आडवी पट्टी काढून वरखाली जोडली की सेक्शन. सेक्शन हे सगळ्यात जिकिरीचं, दारं, मडगार्ड, सगळंच अंगाभोवती कापत जायचं. दिसलं की नमस्कार करा.

पुढचा भाग माझा आवडता. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना कल्हईवाला आठवत असेल. गल्लीत खड्डा खणायचा, भाता लावायचा, पातेलं लाल होईपर्यंत तापवायचं, त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर आणि तो नाकात जाणारा वास, मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गरकन फिरवायचं, काळंकुट्ट पातेलं एका फटक्यात चांदीसारखं. आता हे लक्षात ठेवा आणि विनफिल्डच्या पिढीच्या माणसांचं काम बघा. वेल्डिंगचा जोड आला की पत्र्यावर खड्डे-उंचवटे राहतातच, हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकून ठोकून निम्मं सपाट होतं, उरलेलं भरायचं कशाने? आज पॉलिस्टरची पुट्टी आहे, आमच्या गॅरेजमध्ये तिला लांबी म्हणायचे. या म्हाताऱ्यांनी हात बसवला तेव्हा ती नव्हती, ते शिसं भरायचे. आणि शिसं भरायच्या आधी जोडावर काय करायचे, तर कल्हई! पत्रा घासून लखलखीत करायचा, फ्लक्स लावायचा, गॅसच्या ज्योतीने तापवून कथलाचा हात द्यायचा, मगच त्यावर शिसं धरतं. कल्हई कुठे चुकली की तिथून शिसं वर्षा-दोन वर्षांत सुटणार आणि रंगाला फोड येणार.

त्या शिशात पण गंमत आहे. नुसतं शिसं नसतं, साधारण ७० टक्के शिसं आणि ३० टक्के कथिल. हे प्रमाण का, तर रेडिओ दुरुस्तीचा जो साधा सोल्डर असतो तो तापला की भसकन पाणी होतो, उभ्या पत्र्यावर तो थांबणारच नाही. पण सत्तर-तीसचा मिश्रधातू १८३ अंशाला मऊ पडायला लागतो आणि पूर्ण पातळ व्हायला अडीचशेच्या वर जावं लागतं, मधल्या सगळ्या टप्प्यात तो मळलेल्या कणकेसारखा असतो. त्या कणकेला लाकडी थापीने, थापीला तेल किंवा मेण लावून, हवा तसा आकार द्यायचा. ज्योत जरा जास्त वेळ धरली की कणीक खाली फरशीवर, जरा कमी धरली की खडबडीत ढेकूळ. आणि हे सगळं उभ्या पत्र्यावर, कधी उलटं झोपून. गार झालं की कानशीने घासायचं, कोरड्या सॅंडरने नाही, कारण शिशाची धूळ पोटात-फुप्फुसात गेली की विष आहे. हे घरी करून बघू नका, खरंच सांगतोय, यूट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी.

आता तुम्ही म्हणाल की रंगाखाली गेलेलं शिसं आम्हाला दिसणार कसं. दिसतं. आमच्या गॅरेजमधले मिस्त्री डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचे, मध्ये फडकं धरून, आणि जिथे उंचवटा लागेल तिथे खडूने गोल करायचे. शोमध्ये हात लावायचा नसतो, पंज्याची गोष्ट सांगितलीच. मग हाताच्या जागी छताची ट्यूबलाइट वापरायची. गाडीच्या कुशीला डोळा पत्र्याच्या रेषेत आणून उभे राहा आणि वरच्या दिव्याचं प्रतिबिंब पत्र्यावर बघत हळूहळू चालत जा. प्रतिबिंब पाण्यासारखं वाहत गेलं तर काम सरळ. मध्येच दिव्याची रेषा थरथरली, चिमटली, तर तिथे पत्रा खोटा आहे. आणि गडद गाडी जास्त खरं बोलते, काळ्या रंगात काहीच लपत नाही, म्हणून काळी गाडी आणणाऱ्याबद्दल मला मनातून जरा जास्त आदर असतो. (घरी पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीवर हा प्रयोग केला तर दारावरचे ठोके मोजून झोप लागली नाही.)

रंगाकडे आता आलोच आहोत तर विनफिल्डची खरी ओळख इथे. त्याच्या पद्धतीला लोक विनफिल्ड फेड म्हणतात. एका रंगातून दुसऱ्या रंगात जायचं, पण मध्ये रेषा नाही, टेप लावून पट्टा मारलेला नाही, कुठे संपला आणि कुठे सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. आपल्याला हे समजायला सोपं आहे, पेणच्या गणपतीच्या मूर्तीला गनने शेडिंग करतात ते आठवा, गालाचा फिका गुलाबी रंग कानाकडे जाताना गडद होतो, कडा दिसत नाही. तेच, फक्त अठरा फूट लांबीच्या पत्र्यावर आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना अगदी सारखं. त्याची १९५६ च्या मर्क्युरीवर बनवलेली जेड आयडॉल म्हणून गाडी आहे, हिरव्या छटांची, फेड बघायचा तर तिचा रंगीत फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडा. कडेला, घडीला रंग गडद आणि पॅनेलच्या पोटात फिका, म्हणजे पत्र्याचं जे वळण सूर्याने दाखवायचं ते त्याने गननेच दाखवून ठेवलंय, गाडी सावलीत उभी असली तरी उन्हात असल्यासारखी वाटते.

यातला अजून एक प्रकार म्हणजे कॅन्डी रंग. कॅन्डी अॅपल लाल रंगाचं श्रेय हेवर्डच्या जो बेलनला देतात. कॅन्डी म्हणजे खाली चांदी किंवा सोनेरी बेस मारायचा आणि वर पारदर्शक रंगाचे हात, एकावर एक. उजेड रंगातून आरपार आत जातो, खालच्या चांदीवर आपटून परत बाहेर येतो, म्हणून तो रंग पत्र्यावर लावल्यासारखा दिसतच नाही, काचेच्या बरणीतल्या सरबतासारखा आत भरल्यासारखा दिसतो. यात पंचाईत अशी की प्रत्येक हाताने रंग गडद होत जातो, म्हणजे एखाद्या जागी गन अर्धा सेकंद जास्त रेंगाळली की तिथे डाग, आणि तो पुसून दुरुस्त होत नाही, पूर्ण पॅनेल नव्याने. म्हणून कॅन्डीची गाडी बघताना दाराची कड आणि शेजारच्या मडगार्डाची कड जिथे मिळते तिथे बघा, दोन्हीकडे रंगाची खोली एकच आहे का. तिथे जुळलं असेल तर बाकी गाडी डोळे झाकून मान्य करा.

इथपर्यंत आलात की पुढचा सगळ्यात मजेदार खेळ, कुठला पार्ट कुठल्या गाडीचा. या लोकांनी भंगारातून काय काय उचललंय ते ओळखायचं. १९५१ च्या मर्क्युरीवर बनवलेली हिरोहाता मर्क ही सगळ्यात नावाजलेली कस्टम मर्क्युरी, तिच्या कुशीवरची ती झोकदार क्रोमची पट्टी ब्युइकची आहे, ती तिथे इतकी शोभते की मर्क्युरीवाल्यांनी स्वतःच द्यायला पाहिजे होती. ही गाडी जानेवारी २०२२ मध्ये लिलावात साधारण २१ लाख डॉलरला गेली, पण तो आकडा विसरा, पट्टी बघा.

आणि विनफिल्डची रिअॅक्टर तर या खेळातला शेवटचा पेपर. १९६५ च्या सुमाराची, अॅल्युमिनियमची पूर्ण हाताने ठोकलेली बॉडी, गुडघ्याएवढी वाटावी अशी बुटकी. आता एवढी बुटकी करायची तर इंजिन कुठे घालणार? उभं इंजिन घातलं की बॉनेट वर येणार. मग शेव्हरोलेच्या कॉरव्हेअरचं टर्बो इंजिन घेतलं, त्याचे सहा सिलिंडर आडवे झोपलेले असतात, म्हणजे उंची कमी. कॉरव्हेअरमध्ये ते मागे असायचं, याने पुढे लावलं. आणि खाली चासी सिट्रोएन डीएसची, कारण ती पुढच्या चाकांवर चालते म्हणजे मधून शाफ्टचा बोगदा नको, शिवाय तिचं सस्पेन्शन तेल-वायूचं, गाडी पार्क केली की जमिनीला टेकवायची, चालवताना वर उचलायची. अमेरिकन इंजिन, फ्रेंच चासी, आणि वरून मोडेस्टोच्या माणसाचा पत्रा. मला विचाराल तर ती दिसायला काही फार सुंदर नाही, समोरून जरा इस्त्रीसारखी वाटते, पण तिच्यातला विचार बघितला की टोपी काढावीशी वाटते.

बाकी साठच्या दशकात तो प्लास्टिकची मॉडेल किट बनवणाऱ्या एएमटी कंपनीकडे फिनिक्सला होता, तिथल्या शॉपमध्ये स्टार ट्रेक सिरियलची गॅलिलिओ शटल बनली, आणि पुढे १९८२ च्या ब्लेड रनरमधल्या, सिड मीड या डिझायनरने कागदावर काढलेल्या गाड्या प्रत्यक्षात उभ्या करायचं काम पण त्याच्याकडे आलं. म्हणजे हा सगळा इतिहास ज्यांना गाड्यांमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही त्यांनीपण नकळत बघितलेला आहे.

एक सावधगिरी. कौतुक करताना ते योग्य हातापर्यंत पोचतंय का बघा. बोर्डावर मोठ्या अक्षरात मालकाचं नाव असतं, मग शॉपचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात पेंटर, गाद्या शिवणारा, क्रोमवाला. कस्टम गाड्या बनवणारे बॅरिस भाऊ म्हटलं की सगळ्यांना जॉर्ज आठवतो, बॅटमोबिलवाला, बोलका, फोटोत हसणारा. पण दोघा भावांमध्ये पत्र्याचा खरा हात थोरल्या सॅमचा होता, १९४९ ची मर्क्युरी त्याने स्वतःसाठी चॉप केली तेव्हा बाकीच्यांना कळलं की ही गाडी अशी दिसू शकते. आणि ज्या हिरोहाता मर्कचं मी वर सांगितलं तिच्या पत्र्यावर फ्रँक सॉन्झॉग्नीचाही हात आहे, तो किती जणांना माहीत असतो? विनफिल्डच्या बाबतीतपण तेच, किंग टी नावाची जी फिक्या जांभळ्या मोत्याच्या रंगाची रोडस्टर (उघडी, बिनटपाची गाडी) १९६४ ला अमेरिकेतली सगळ्यात सुंदर रोडस्टर ठरली, ती डॉन टोग्नोटीची, आणि बनवताना विनफिल्ड बरोबर. खालची बारीक अक्षरं वाचा, त्यातल्या एखाद्याचं नाव घेऊन विचारलं तर मालकापेक्षा जास्त आनंद होणारा माणूस बहुतेक तिथेच मागे उभा असतो.

आता म्हाताऱ्याशी बोलायचं कसं. सॅक काढून पुढे घ्या किंवा गाडीतच ठेवा, जॅकेटची चेन, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल याची काळजी, पोराच्या हातात आइस्क्रीम असेल तर पोर आणि आइस्क्रीम दोन्ही लांब. किंमत विचारायची नाही. "नव्यासारखी दिसते" म्हणायचं नाही, तो काही झेरॉक्स काढत नव्हता. आयुष्यभर हातोडीजवळ आणि कॉम्प्रेसरजवळ काढलेल्या माणसांना ऐकू कमी येतं, तेव्हा समोर उभं राहून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोला, मागून येऊन खांद्यावर हात नको. काम चालू असेल, म्हणजे तिथे लाइव्ह कापाकापी चालली असेल, तर ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका आणि टॉर्च खाली ठेवेपर्यंत प्रश्न विचारू नका. आणि आपल्याला अवघड जातं पण इथे नव्वदीच्या माणसालापण पहिल्या नावानेच हाक मारतात, मी पहिल्यांदा सर म्हणालो तर त्यांनी मागे वळून बघितलं की कोण आलंय.

आणि प्रश्न एकच पुरतो. सुंदर आहे, ऑसम आहे, हे ते दिवसातून पाचशे वेळा ऐकतात. तुम्ही एक जागा निवडा, एकच, आणि विचारा की इथे त्रास झाला असेल ना? पुढच्या वर्षी मी त्याच शोला गेलो, ती जांभळी गाडी परत होती, बाबा परत खुर्चीत. मला ओळखलं असेल-नसेल. मी सॅक आणलीच नव्हती. लांबून बाजूने बघितली, बसून बघितली, मग मागे गेलो आणि मागच्या काचेखालच्या कोपऱ्याकडे बोट केलं, दोन फुटांवरून, आणि म्हटलं हे वळण काचेमुळे असं घ्यावं लागलं का. बाबांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, मला नीट बघायला बहुतेक. मग काही न बोलता गाडीला वळसा घालून गेले, पलीकडून कुठेतरी हात घातला आणि हँडल नसलेलं दार टक् करून उघडलं, आणि मला बोटाने खूण केली की आत डोकं घाल. आत मागच्या कोपऱ्यात अस्तर मुद्दाम सुटं ठेवलेलं होतं, त्यांनी ते बाजूला केलं. खाली उघडा पत्रा. एका जागी तीन वेगवेगळ्या तुकड्यांचे जोड एकत्र आले होते, आणि त्यातला एक कापून परत जोडलेला, आणि परत एकदा कापून परत जोडलेला, जुन्या वेल्डिंगच्या खुणा तशाच ठेवलेल्या. तीन बोटं वर केली. तीनदा. बाहेरून बघाल तर तिथे दिव्याची रेषा जराही हलत नव्हती.

पाऊण तास झाला तिथे. बायकोने दोन फोन केले.

हे डोळे घेऊन आपल्याकडे आलात तर मात्र जरा जपून, आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की कंपनीच्या मूळ मापदंडाच्या बाहेर गाडीत बदल नको, तेव्हा स्विफ्टचा टप कापायला काढू नका. पण बघायला कोण अडवतंय. कुठल्याही गावात मेन रोडच्या मागे जा, डेंटिंगवाला असतोच, अपघातात चेपलेली गाडी आणि हातोडी घेऊन उकिडवा बसलेला माणूस. तो जोड लपवतो तो आणि मोहावीचा म्हातारा जोड लपवायचा तो, हातोडी धरायची तऱ्हा एकच आहे. फक्त याचं काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही, आणि फोटो काढायला तर कुणीच येत नाही.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला गेलो तेव्हा आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेलो होतो. आता गॅरेज मुलगा बघतो, ते दारात खुर्ची टाकून बसतात. मी फोन काढला, आधी कंपनीची मर्क्युरी दाखवली, मग चॉप केलेली. मला वाटलं म्हणतील भारी आहे, कोणाची आहे, केवढ्याची आहे. त्यांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा करायचा प्रयत्न केला, जमेना, मग माझ्याकडे देऊन म्हणाले मोठा करून दे. केला. मागच्या बाजूला बराच वेळ बघत राहिले.

"पत्र्याचं ऱ्हाऊ दे," म्हणाले, "ह्येनं एवढी काच कुठनं आणली?"